म्हात्रेमामा सायकलवर

सायकलवाल्यांबद्दल म्हात्रेमामांचं मत मी पहिल्याच भेटीत ऐकलं, आणि तेही स्वतः सायकलवर बसलेली असताना.

पेणच्या रामवाडीत त्यांच्या घरासमोर आम्ही पाच-सहा जण सायकली घेऊन उभे होतो. मामा ओट्यावर बसून वाटाणे सोलत होते. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त होऊन त्यांना फार काळ झाला नव्हता. त्यांनी आम्हाला हेल्मेटपासून बुटांपर्यंत न्याहाळलं, हातातली शेंग संपवली आणि म्हणाले, "सगळी नोकरी रस्त्यावर काढली. दोनच जनावरांची धास्ती वाटायची. एक म्हैस आणि दुसरा सायकलवाला. म्हशीला निदान कळतं तरी, मागनं गाडी आलीय म्हणून."

मी हसले. बाकी कुणी हसलं नाही, कारण मामाही हसले नव्हते.

आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो ते टेम्पोसाठी. पेणजवळ कर्णबधिर मुलांची एक छोटी शाळा आहे. आजूबाजूच्या वाड्यांवरून, खाडीकाठच्या गावांतून मुलं तिथं येतात. त्यांच्या कानाच्या मशिनांसाठी आणि मुलांना ने-आण करणाऱ्या गाडीसाठी दर थंडीत एक सायकल फेरी निघते. चार दिवसांची. पेणहून नागोठण्यावरून रोहा, रोह्याहून डोंगर चढून मुरुड, मुरुडहून समुद्राच्या कडेकडेनं अलिबाग आणि शेवटच्या दिवशी पोयनाड, वडखळ करत परत पेण. सायकली चालवणारे आम्ही हौशी. मी रोह्याला बँकेत नोकरीला, राहायला शेजारच्या वरसे गावात. कुणी शिक्षक, कुणी कंपनीत शिफ्ट करणारे, आणि पेणचे एक पाटीलशेठ होते, ज्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. लोक आमच्या नावावर देणग्या द्यायचे आणि आम्ही घाम गाळायचा, असा मामला.

सायकलींच्या मागं एक टेम्पो लागतो. पाणी, सामान, पंक्चरचं साहित्य आणि थकलेला माणूस, सगळं त्यात जातं. नेहमीच्या ड्रायव्हरच्या घरी ऐनवेळी लग्न निघालं, म्हणून शाळेच्या मुख्याध्यापिका सावंतबाईंनी म्हात्रेमामांचं नाव सुचवलं होतं.

"चार दिवस?" मामा म्हणाले. "सायकलींच्या मागं? म्हणजे चार दिवस दुसरा गियर. इंजिन रडंल माझ्या नावानं."

घरातून सुमनमामींचा आवाज आला, "जावा की! हितं बसून माझं डोकं खाता, त्यापेक्षा त्या इंजिनाचं खावा."

मामांनी वाटाण्याचं ताट बाजूला ठेवलं. फेरीला ड्रायव्हर मिळाला.

मामा उंचीनं बेताचे, अंगानं भरलेले. आवाज मात्र गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. नोकरी सुटली तरी तिच्या सवयी सुटल्या नव्हत्या. टेम्पो सुरू करण्याआधी ते त्याच्याभोवती एक फेरी मारायचे, प्रत्येक चाकाला पायानं हलकेच ठोसा द्यायचे आणि शेवटी बॉनेटवर थाप, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. काच स्वतः पुसायचे, दुसऱ्यानं पुसलेली त्यांना दिसायचीच नाही. कुठल्याही गावाला गाव म्हणायचे नाहीत, "ष्टॉप" म्हणायचे. नागोठणं हा मोठा ष्टॉप, कोलाड हा जंक्शनचा ष्टॉप. आणि मुक्कामाला पोचेपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत. गावाची पाटी दिसली की आमच्यातलं कुणीतरी "आलं एकदाचं!" म्हणायचं. त्यावर मामा खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "खाली उतरल्याशिवाय पोचलो म्हणायचं नाय!"

पहिल्या दोन दिवसांत आम्ही सगळे त्यांना थोडे टरकूनच होतो. कुणी रस्त्याच्या मधे आलं की मागून हॉर्न वाजायचा आणि त्या मागोमाग त्यांचा आवाज. पण दुसऱ्या दिवशी, मुरुडच्या वाटेवरच्या घाटात, मला मामा वेगळे दिसले.

पाटीलशेठ भारी माणूस, वजनानंही आणि मानानंही. घाटाच्या मध्यावर त्यांचा दम संपला. आधी उतरून चालले, मग चालणंही होईना. टेम्पो शेजारी येऊन थांबला. मी त्यांच्या जरा पुढं, एका झाडाखाली पाणी पीत होते. मामांनी सायकल उचलून मागं टाकली, केबिनचं दार उघडलं आणि म्हणाले, "या. हाफ तिकीट की फुल?"

पाटीलशेठ बसले, पण त्यांचा चेहरा पडलेला. निघताना पेणमध्ये त्यांनी हार घालून घेतला होता, फोटो काढून घेतले होते. मुरुडला त्यांचे मेव्हणे सगळ्या कुटुंबासह स्वागताला उभे राहणार होते.

पुढचं मला पाटीलशेठनीच नंतर सांगितलं. घाट संपला, उतार संपला, मुरुड जवळ आलं. एका वळणावर, आंब्यांच्या बागेच्या आडोशाला, मामांनी टेम्पो थांबवला. खाली उतरून सायकल काढून रस्त्यावर उभी केली.

"शेठ, उतरा. तुमचा ष्टॉप आला."

"इथं? मुरुड तर पुढं आहे."

"हितनं सपाट हाय. जावा चालवत. घाटात कोण होतं बघायला? मी पुढं बघून गाडी चालवतो, मला काय दिसत नाय."

पाटीलशेठ मुरुडात सायकलवरून शिरले. मेव्हण्यांच्या घरच्यांनी ओवाळलं. मामा टेम्पो घेऊन बऱ्याच वेळानं आले, आणि कुणी उशीर का झाला विचारलं तर म्हणाले, "इंजिन तापलं होतं."

त्यानंतर मी मामांकडे नीट बघायला लागले, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. टेम्पोतून सायकली उतरवायचं काम ते हौसेनं करायचे, पण सायकल एका जागेवरून दुसरीकडे न्यायची असली की हातानं ढकलत न्यायचे. तीही अंगापासून लांब धरून, जणू नवी आणलेली शेळी, कधी हिसका देईल सांगता येत नाही. अलिबागचा मुक्काम एका शाळेत होता, तिचं मैदान मोठं होतं. कुणीतरी लांबून ओरडलं, "मामा, माझी सायकल जरा इकडं चालवून आणता का?" मामा म्हणाले, "तुमच्या पायाला काय झालं?" आणि सायकल ढकलत, त्या एवढ्या मोठ्या मैदानाच्या टोकापर्यंत, नेऊन दिली.

शेवटच्या दिवशी माझा गुडघा धरला. पोयनाडच्या पुढं मी टेम्पोत मामांच्या शेजारी बसले. धरमतरच्या पुलावरून खाडी दिसली, भरतीचं पाणी, पलीकडे मिठागरांचे चौकोन.

"तिकडं आमचं गाव," मामा हनुवटीनं दाखवत म्हणाले. "बाप मिठागरात कामाला होता. बांधावरनं जायचं, बांधावरनं यायचं. पावसात तर बांधबी नाय, होडी."

मी "हं" म्हटलं.

"म्याडम, एक सांगू? कुणाला बोलायचं नाय."

"नाही बोलणार."

"मला सायकल येत नाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते.

"आमच्या गावात सायकल नव्हतीच. चिखलात कोण चालवणार? कळता झालो तो थेट ट्रकवर क्लीनर. तिथनं ड्रायव्हर, तिथनं एस्टी. चालत होतो तो एकदम ट्रकवर चढलो. मधलं राहून गेलं." गियर बदलत म्हणाले, "नंतर कुणाला सांगायचं? ड्रायव्हर माणूस. पोरी शाळेत असताना सायकल मागायच्या. त्यांना म्हणायचो, सायकल वाईट, हातपाय मोडतात. घेऊनच दिली नाय."

मला हसू आलं नाही. त्यांनी इतकी वर्षं सायकलवाल्यांना घातलेल्या शिव्या मला एकदम निराळ्या ऐकू आल्या.

पुढच्या पावसाळ्यात मामांच्या छातीत कळ आली. सकाळी दूध आणायला गेले होते, दुकानाच्या पायरीवर बसले ते उठता येईना. पनवेलला नेलं, स्टेंट घातला. माणूस वाचला. पण डॉक्टरांनी सांगितलं की आता भाड्यानं गाड्या चालवणं, ट्रक, टेम्पो, रात्रीअपरात्री जागणं, हे सगळं बंद. मामींनी टेम्पोच्या किल्ल्या ज्याच्या त्याला परत करून टाकल्या.

मी भेटायला गेले तेव्हा मामा ओट्यावर बसले होते. समोरच्या रस्त्यावरून एस.टी. गेली की मान वळायची, गाडी दिसेनाशी झाली की परत सरळ व्हायची. आवाजाची एवढी मोठी देणगी असलेला माणूस, पण त्या दिवशी मला पुढं वाकून ऐकावं लागत होतं.

"डॉक्टर म्हणतो, चाला. चालून कुठं जायचं?" ते म्हणाले. मग मामी चहा ठेवायला आत गेल्या तसे एकदम पुढं झुकले. "म्याडम, मी डॉक्टरला विचारलं. सायकल चालवली तर चालंल का? म्हणाला, चालंल, सपाटीवर, हळूहळू. त्याला काय माहीत, मला येत नाय ते. तुम्ही शिकवाल?"

"इथं?"

"हितं नको! रामवाडीत पडलो तर संध्याकाळपर्यंत आख्ख्या डेपोला कळंल. तुमच्या वरशाला."

वरसे गावाच्या कडेला तेव्हा नवीन प्लॉट पडत होते. डांबरी रस्ते झालेले, विजेचे खांब उभे, घरं मात्र अजून यायची होती. त्याहून चांगली जागा सापडली नसती. दिवाळीनंतर, आठवड्यातून दोन-तीन वेळा, मामा सकाळच्या गाडीनं पेणहून रोह्याला यायचे, तिथून रिक्षानं आमच्याकडे. घरी काय सांगून येतात ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्यांच्यासाठी मी ओळखीच्यांकडून एक जुनी सायकल आणली होती. मामांनी तिच्याभोवती फेरी मारली, दोन्ही चाकांना पायानं ठोसा दिला आणि म्हणाले, "ही लेडीज हाय."

"मधे दांडा नाही मामा. पाय खाली टाकायला सोपी."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. लांबवर एक गाय चरत होती. "ठीक हाय," ते म्हणाले.

शिकवणं सोपं नव्हतं. त्यांचा डावा पाय सारखा क्लच शोधायचा. हँडल ते एस.टी.च्या स्टिअरिंगसारखं गरगरा फिरवायला जायचे आणि सायकल जागच्या जागी आडवी. पडले की आधी सायकलला काय लागलं ते बघायचे, मग स्वतःचं कोपर. मी सीटला धरून मागं पळायचे, आणि पळताना माझं सगळं लक्ष त्यांच्या श्वासाकडे. जरा धाप लागली की मी थांबवायचे. त्यावरून आमची भांडणं व्हायची.

एका सकाळी सायकल जरा सरळ चालली. मामा ओरडले, "सोडा!"

"थांबा मामा, अजून..."

"सोडा म्हणतो ना! गाडी मी चालवतोय!"

मी सोडलं. ते गेले. पाठ ताठ, मान ताठ, रिकाम्या प्लॉटांच्या मधून सरळ. रस्ता संपला, मामांना वळता येईना, थांबणंही सुचेना. सायकल तशीच गवतात घुसली आणि मामा दिसेनासे झाले. मी धावत गेले. ते गवतात उताणे पडून आकाशाकडे बघत होते. मला बघून म्हणाले, "ब्रेक कुठंय सांगितलंच नाय तुम्ही." सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी म्हटलं, "राहिलं खरं."

त्याच आठवड्यात सुमनमामी आल्या.

मामा वळायला शिकत होते. मी रस्त्याच्या मधे उभी राहून हात दाखवत होते. कोपऱ्यावर रिक्षा थांबली आणि तिच्यातून मामी उतरल्या, पदर खोचलेला, हातात पिशवी. मामांनी त्यांना बघितलं आणि त्याच क्षणी आडवे झाले.

मामी जवळ आल्या नाहीत. जिथं उतरल्या तिथंच उभ्या राहिल्या. रस्त्यावरची सायकल, तिच्याशेजारचा नवरा, मी, सगळं एकदा बघून घेतलं. मग कडेच्या दगडावर मटकन बसल्या.

"मामी, पाणी देऊ?" मी धावले.

"मला वाटलं, परत दुखायला लागलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, रोह्याच्या डॉक्टरकडं येतात नि मला सांगत नायत. सकाळी उठतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, ष्टेशनवर जातात. विचारलं तर म्हणे, दोस्ताकडं. कोपर फुटलेलं, विचारलं तर म्हणे, डास चावला. असला डास असतोय गो वैशाली? एक महिना झोप नाय मला. आज मागोमागच आले, कुठं जातात ते बघायला."

मामा सायकल उभी करून तिच्या आडच उभे होते. "तुला सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?"

"नसतंच दिलं!"

"मग?"

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि एकाएकी हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसणं थांबत नव्हतं. "सायकल," त्या म्हणत होत्या, "अगो बाई, सायकल." मग डोळे पुसून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "चालवा. बघू दे मला."

मामांना त्या दिवशी एकदाही धड चालवता आली नाही.

मामींनी त्यांना पुन्हा डॉक्टरकडे नेलं आणि सगळं स्वतः विचारून घेतलं. शेवटी तह झाला. त्या थंडीत मामा फेरीत येणार, पण घाट नाही. पहिला दिवस पेण ते रोहा आणि शेवटचा दिवस अलिबाग ते पेण, एवढंच सायकलवर. मधले दोन दिवस टेम्पोत. आणि टेम्पोत मामी, औषधांची पिशवी घेऊन, सगळे दिवस.

पेणहून निघताना मामांनी पांढरी टोपी घातली होती आणि त्यावर हेल्मेट. कुणालाच माहीत नव्हतं की हा माणूस दिवाळीनंतर सायकल शिकलाय. सगळ्यांना वाटत होतं, आजारातून उठलेत म्हणून हळू चालवतात. पाटीलशेठ मात्र दिवसभर त्यांच्याबरोबर राहिले. एकदाही पुढं गेले नाहीत. हायवेवर कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जात होते, धुळीनं पुढचं दिसत नव्हतं, आणि मामा वळायच्या कितीतरी आधीपासून हात बाहेर काढून, अख्ख्या एस.टी.चा इशारा द्यावा तसा, उजवा हात वरखाली करत होते. उन्हं उतरायला लागली तेव्हा आम्ही कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्यात शिरलो. मामींनी टेम्पोतून उतरून आधी त्यांच्या छातीला हात लावला, मग कपाळाला, मग म्हणाल्या, "चहा घ्या."

मधल्या दोन दिवसांत टेम्पोच्या भाड्याच्या ड्रायव्हरचे हाल झाले. घाटात मामा त्याला प्रत्येक वळण आधीच सांगत होते. मुरुडला उतरल्यावर तो मला म्हणाला, "म्याडम, उद्या त्यांना सायकलवर घ्याच."

शेवटचा दिवस आला. अलिबागहून सगळे नीट निघाले. पोयनाडला नाश्ता झाला. तिथून वडखळपर्यंत प्रत्येकानं आपापल्या चालीनं जायचं आणि वडखळला एकत्र व्हायचं ठरलं. पाटीलशेठची साखळी तुटली, ते टेम्पोजवळ थांबले, आणि मामा एकटेच पुढं गेले.

वडखळला सगळे जमले. मामा नव्हते.

आधी वाटलं, मागं राहिले असतील. टेम्पो आला, त्यात पाटीलशेठ, त्यांनी वाटेत कुणाला बघितलं नव्हतं. मामांचा फोन लावला, तर तो टेम्पोतच मामींच्या सीटवर, नॅपकिनखाली वाजायला लागला. मामींनी नॅपकिन उचलून फोनकडे बघितलं. औषधांची पिशवी छातीशी धरली आणि टेम्पोत पुन्हा चढून बसल्या. ड्रायव्हरला हातानंच मागं वळवायची खूण केली.

मी सायकलनं पुढं, टेम्पो माझ्या मागं. रस्त्याच्या कडेला कुठं गर्दी दिसते का ते बघत होते आणि गर्दी दिसू नये असं म्हणत होते. प्रत्येक झाडाखाली मला कुणीतरी बसलेलं दिसायचं आणि तो धोंडा किंवा पोतं निघायचं. धरमतरच्या अलीकडं एक बाई कडधान्य विकत बसल्या होत्या.

"मावशी, पांढऱ्या टोपीवरून हेल्मेट घातलेला म्हातारा माणूस बघितला का? सायकलवर?"

"म्हातारा? लेडीज सायकलवाला? त्यो काय खाली वळला, बांधाकडं. कवाच."

त्या वाटेनं टेम्पो जाणार नव्हता. मामी खाली उतरल्या. "तू हो पुढं," त्या म्हणाल्या. चपला हातात घेतल्या आणि चालायला लागल्या.

बांध अरुंद होता. दोन्ही बाजूंना खाजण, भरतीचं खारं पाणी साचलेलं, त्यात बगळे. मी सायकल कशी चालवली मला आठवत नाही. पुढं काही घरं होती आणि पहिल्याच घराच्या अलीकडं, बांधावरच्या गवतात, मामांची सायकल आडवी पडली होती. माणूस नव्हता. मी पाण्यात बघितलं. दोन्ही बाजूंना बघितलं. मामा म्हणून हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात घरामागून आवाज आला. एस.टी.च्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा.

"पोट भरलं म्हणतो ना आक्का! आणि किती?"

"गप बस. ही येवढी भाकर संपव."

मी धावत मागच्या अंगणात गेले. मामा पाटावर बसले होते, पुढ्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण. शेजारी एक खूप म्हातारी बाई, पाठीत वाकलेली, हातात पुढची भाकरी घेऊन तयार. ती त्यांची थोरली बहीण होती. गुडघ्यांमुळं तिचं घराबाहेर जाणं कधीच थांबलेलं.

मला बघून मामांचा हात थांबला. "म्याडम... उशीर झाला व्हय?"

मी काही बोलायच्या आत मागून, बांधावरून, मामींचा आवाज आला. लांबून, दमलेला. "वैशाली! हायत का? जिवंत हायत ना?"

"जेवतायत, मामी!" मी ओरडले.

मग मामी जे बोलायला लागल्या ते अंगणात पोचेपर्यंत बोलत होत्या आणि पोचल्यावरही बोलत होत्या. फोन, औषधं, खाडी, कंटेनर, स्टेंट, काही सुटलं नाही. मामा खाली मान घालून ऐकत होते. आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "सुमन, वरडू नको गो त्याला. माझा भाऊ हाय. ह्या बांधावरनं कडेवर घेऊन शाळेत सोडलाय मी त्याला. आज पयल्यांदा सायकलवर बघितला. बस. तू पण जेव."

"आक्काला दाखवायची होती," मामा हळूच म्हणाले. "ती काय रस्त्यावर येऊ शकत नाय बघायला. म्हटलं, पाच मिन्टं जाऊन येतो. बांधावर पोचलो, हिनं बघितलं नि रडायलाच लागली. मग कसा निघू?"

मामी उभ्याच होत्या. पायांना चिखल, हातात चपला. मग त्यांनी चपला खाली टाकल्या, नवऱ्याच्या शेजारी बसल्या आणि त्याच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली. मला म्हणाल्या, "बस की. उभी का?" मीही बसले. बोंबील तिखट होते. मला वाटतं, तसं चवीनं मी त्या आधी आणि त्या नंतर कधी जेवले नसेन.

निघताना आक्का दारापर्यंत आली. मामांनी सायकल उचलली, तिची धूळ झटकली आणि बहिणीच्या समोर पुन्हा एकदा बांधावरून चालवत गेले, न अडखळता. मामी मागून ओरडल्या, "सावकाश!" पण आवाजात आता राग नव्हता.

पेणला आमची वाट बघून लोक कंटाळले होते. शाळेच्या पटांगणात मांडव होता, स्पीकरवर गाणी, पाहुणे, भाषणं. आम्ही सगळ्यांत शेवटी पोचलो. मामांना कुणीतरी हार घातला. ते मांडवाच्या कडेला एका प्लास्टिकच्या खुर्चीत टेकले आणि भाषण सुरू होऊन दोन वाक्यं होतात न होतात तोच झोपले. हेल्मेट डोक्यावर, हार गळ्यात, तोंड जरासं उघडं, छाती एका लयीत वरखाली. मामी शेजारच्या खुर्चीत बसून त्या छातीकडेच बघत होत्या. दिवसभरात पहिल्यांदा औषधांची पिशवी त्यांनी खाली ठेवली होती.

मला रोह्याची गाडी पकडायची होती. पुढं त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली आणि मामांशी बोलणं फोनवरच राहिलं, त्यामुळं डोळ्यांसमोर आहेत ते त्या दिवशीचेच. मी निरोप घ्यायला गेले तर मामींनी बोट ओठांवर ठेवलं.

तेवढ्यात स्टेजवरून सावंतबाईंनी मामांचं नाव घेतलं आणि मुलांसाठी हातांच्या खुणांनीही सांगितलं. आजारातून उठून सायकल चालवली वगैरे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि मामी घाबरून उठल्या, आता हे जागे होणार म्हणून. पण पुढं बसलेली शाळेची मुलं आधीच मागं वळली होती. त्यांना झोपलेले मामा दिसले. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि बोटं पसरून मनगटांतून हलवायला लागली. त्या मुलांची टाळी तशीच असते. बघता बघता सगळ्या रांगा वळल्या. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यांनीही हात वर केले. स्पीकर कुणीतरी बंद केला.

भरल्या मांडवात एवढे हात हलत होते आणि मामांच्या घोरण्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.